मिठागरातील आर्टेमिया : डब्याआधी खाद्याचा हिशेब करा

वसई तालुक्यात नायगाव, जूचंद्र, राजावली या बाजूला मिठागरांच्या बांधावरून फिरताना दोन-तीन हंगामांपासून एकच प्रश्न कानावर येतो. “साहेब, ते आर्टेमियाचं बी कुठं मिळतं? डबा केवढ्याला पडतो?” मिठाला भाव नाही, मजूर मिळत नाही, पावसाळा लांबला की हंगाम आखडतो. अशा परिस्थितीत त्याच पाण्यातून दुसरे काही उत्पन्न निघत असेल तर माणूस विचारणारच. विचारण्यात चूक नाही. पण ‘डबा केवढ्याला?’ असे सगळे विचारतात आणि ‘त्याला खायला काय घालायचं?’ असे कोणी विचारत नाही, हे बरे नाही. आर्टेमिया वाढतो की खुरटतो हे डब्यावर नव्हे, खाद्यावर ठरते. आज तेवढेच सांगायचे आहे.

हे सांगण्याचा अधिकार मला चूक करून मिळाला आहे. एका मीठ पिकवणाऱ्या जोडप्याने माझ्या सल्ल्याने एका प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात आर्टेमिया सोडला. खाद्य म्हणून मी त्यांना बेकरीचे यीस्ट सांगितले. कुठेतरी वाचले होते, वापरायला सोपे, पाण्यात चटकन मिसळते, म्हणून सांगून मोकळा झालो. त्या दोघांनी वीस दिवस पहाटे उठून यीस्ट कालवून घातले. वीस दिवसांनी गाळणीत जे आले ते जेमतेम दिसेल एवढे, आणि निम्म्याहून अधिक मेलेले. बाई मला रागावून काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “साहेब, नुसत्या पावावर पोर वाढतं का?” त्यानंतर मी या विषयाचा नीट अभ्यास केला. तो आधी करायला हवा होता.

आर्टेमिया म्हणजे काय?

कोळंबीच्याच दूरच्या नात्यातला, पाय हलवीत उलटा पोहणारा हा लहानसा जीव. पूर्ण वाढला तर सुमारे एक सेंटिमीटर. मासे आणि पाणकिडे जगू शकत नाहीत एवढ्या खाऱ्या पाण्यात तो मजेत राहतो, कारण शत्रूपासून पळणे त्याला जमत नाही. खारेपणा हेच त्याचे कुंपण. आपल्या मिठागराच्या हिशेबाने बोलायचे तर खाडीचे भरतीचे पाणी तीन-साडेतीन डिग्रीचे, मीठ बसते पंचवीस डिग्रीच्या आसपास, आणि आर्टेमियाला मानवते ती मधल्या तळ्यांतली आठ ते बारा डिग्री. म्हणजे मीठ ज्या वाफ्यात बसते तो वाफा त्याला द्यावा लागत नाही. पाणी तापत ठेवलेली मधली तळी पुरतात.

हा जीव आपल्याकडे परका नाही. वडाळ्याचे मिठागर आपल्याला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ठाऊक आहे. त्याच वडाळ्याच्या मिठागरातून डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली आर्टेमियाची नोंद प्रसिद्ध केली. तमिळनाडूत तुतिकोरीनच्या आणि राजस्थानात सांभरच्या खाऱ्या पाण्यातही तो आहे. परिस्थिती बिघडली की मादी पिलांऐवजी टणक कवचाची अंडी टाकते. ही अंडी वाळवून वर्षानुवर्षे टिकतात. डब्यात मिळतात ती हीच. जगाच्या बाजारातील फार मोठा वाटा अमेरिकेतील युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. कोळंबीच्या बीज केंद्रांत ही अंडी उबवून निघालेली पिले कोळंबीच्या बाळांना खाऊ घालतात. २००९ पासून आपल्या देशात व्हेनामी कोळंबी आली आणि या अंड्यांची गरज आणखी वाढली. पूर्ण वाढलेला आर्टेमिया, जिवंत किंवा गोठवलेला, कोळंबीच्या मादी-नरांना आणि शोभेच्या माशांना घालतात. मुंबईची बाजारपेठ आपल्या दाराशी आहे, ही वसईची जमेची बाजू.

तो खातो कसा?

येथे नीट लक्ष द्यावे. आर्टेमियाला अकरा जोड्या पाय असतात. त्याच पायांनी तो पोहतो आणि त्याच पायांनी पाणी गाळून पाण्यातले कण तोंडाकडे लोटतो. तो निवड करीत नाही. पन्नास मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा, लहान जे काही पाण्यात तरंगेल ते गिळतो. खाद्य असो की माती. यावरून तीन गोष्टी निघतात.

पहिली, कण मोठा असेल तर कितीही पौष्टिक असला तरी त्याच्या उपयोगाचा नाही. दुसरी, कण तळाशी बसला तरी उपयोगाचा नाही, उलट कुजून पाणी नासवतो. तिसरी, कण पोटात गेला म्हणजे पचला असे नाही. आपण पोट भरलेले बघतो आणि समाधान मानतो. माझी चूक याच तिसऱ्या ठिकाणी झाली.

आणखी एक. अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू साधारण अर्धा मिलिमीटरचे, केशरी रंगाचे असते. ते पहिले काही तास काहीच खात नाही. त्याचे तोंड उघडलेले नसते, पोटातल्या बलकावर ते जगते. पहिली कात टाकली की खायला लागते. तेव्हा पिले सोडल्याबरोबर खाद्य ओतणे म्हणजे पाण्यात पैसे ओतणे. मात्र नंतर उशीर केला तरी नुकसान आहे. चोवीस तास उपाशी राहिलेल्या पिलाच्या अंगातील ताकद चौथ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी होते. पुढे नीट खायला मिळाले तर हेच पिलू पंधरा-एक वेळा कात टाकून दोन-तीन आठवड्यांत, फार उत्तम परिस्थितीत तर आठच दिवसांत, पूर्ण वाढते. लांबी वीसपट आणि वजन पाचशेपट. कोंबडी किंवा शेळीत एवढी वाढ कोणी पाहिली आहे का? म्हणून खाद्यातली चूक येथे दुप्पट-चौपट होऊन दिसते.

कोणत्या खाद्याने काय होते?

यीस्ट. कण बारीक असतो, तरंगतो, म्हणून सोयीचे वाटते. परंतु त्याच्या पेशीचे बाहेरचे आवरण आर्टेमियाला नीट पचत नाही, आणि सर्व आवश्यक अन्नघटकही त्यात नाहीत. नुसत्या यीस्टवर तो जगतो तसा, वाढतो कमी आणि रोगाला लवकर बळी पडतो. आवरण मऊ करण्याची प्रक्रिया केलेले यीस्ट चांगले चालते, पण ते बेकरीतून आणलेले नव्हे.

हिरवे पाणी. म्हणजे सूक्ष्म शेवाळाने हिरवट किंवा तपकिरी झालेले पाणी. हे त्याचे मूळ अन्न. पण हिरवे दिसले म्हणजे चांगलेच असेही नाही. ड्युनालिएला या शेवाळाला कडक आवरण नसते, ते सहज पचते. कीटोसेरॉससारख्या तपकिरी शेवाळावर वाढ उत्तम होते. उलट क्लोरेलाचे आवरण जाड, ते पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते. तळाला साचणारे, चटईसारखे सोलून निघणारे शेवाळ तर तो खाऊच शकत नाही. तळे उथळ ठेवले, तळापर्यंत ऊन पोचले की हेच चटईचे शेवाळ माजते आणि खत सगळे तेच खाऊन टाकते. म्हणून तळ्यात हातभर तरी पाणी हवे. एप्रिल-मेच्या उन्हात उथळ पाणी तापून जनावर मरण्याचा धोकाही त्याने कमी होतो.

भाताचा कोंडा. हे आपल्या जिल्ह्याचे खाद्य. वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचे आपण कौतुक केले. त्या भाताचा कोंडा मात्र गुरांपलीकडे कोणी विचारात घेत नाही. बारीक केलेल्या कोंड्यावर आर्टेमिया चांगला वाढतो, आणि बाहेर देशातही मोठ्या प्रमाणावर तो वापरला जातो. पण त्यातही गोम आहे. गावातल्या हलरमधून निघतो तो कोंडा तुसाच्या चुऱ्यासकट असतो. तूस पचत नाही आणि तळाशी बसते. गिरणीत आधी तूस वेगळे काढून मग पॉलिश करताना निघणारा मऊ कोंडा घ्यावा. तो ताजा असावा. कोंड्यात तेल असते आणि काही दिवसांतच तो खवट होतो. खवट कोंडा गाईला घालताना आपण वास घेतो, येथेही घ्यावा. तेल काढलेला कोंडा मिळाल्यास तो अधिक टिकतो. तळ्यातलेच खारे पाणी घेऊन कोंडा मिक्सरमध्ये किंवा रवीने चांगला घुसळावा, बारीक विणीच्या कापडातून दाबून गाळावा, आणि खाली उतरलेले दुधासारखे पाणीच तेवढे घालावे. कापडावर राहिलेला चोथा गुरांना चालतो.

शेण आणि कोंबडी खत. ही खाद्य म्हणून कमी आणि शेवाळाचे खत म्हणून अधिक कामाची. व्हिएतनामात मेकाँग नदीच्या मुखाकडील मिठागरांत १९८० च्या दशकात आर्टेमिया सोडण्यात आला. तिथले मीठ शेतकरी कोरड्या हंगामात कोंबडी खत आणि युरिया घालून वेगळ्या तळ्यात हिरवे पाणी तयार करतात आणि ते आर्टेमियाच्या तळ्यात घेतात. त्यांचा पावसाळा आपल्यासारखाच सगळे धुऊन नेतो. त्यांनी हंगामापुरते पीक म्हणूनच त्याकडे पाहिले. आपल्याकडे तबेले आहेत, शेणाला तोटा नाही. पण शेण थेट आर्टेमियाच्या तळ्यात टाकू नये. कुजताना ते पाण्यातील प्राणवायू खाते. आर्टेमिया कमी हवेतही तग धरतो, पण तेव्हा त्याचे अंग लालभडक होते. लोक म्हणतात, बघा किती तेज आले! ते तेज नव्हे, श्वास कोंडल्याची खूण आहे.

मग वसईत काय करावे?

माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडे हिरवे पाणी अधिक कोंडा, ही जोडी पहिली धरावी. मिठागरात उन्हाने रोज पाणी सुकते आणि ते भरून काढायला पहिल्या तळ्यातून पाणी घ्यावेच लागते. ते साधे न घेता खत देऊन हिरवे केलेले घ्यावे. म्हणजे तोट आणि खाद्य एकाच फेरीत भरून निघेल. हिरवेपणा कमी पडेल त्या दिवशी कोंड्याचे पाणी द्यावे. नुसत्या कोंड्यावर राहू नये, कारण शेवाळातून मिळणारे काही चांगले स्निग्ध घटक कोंड्यात नसतात. आणि आर्टेमिया जे खातो तेच पुढे त्याला खाणाऱ्या कोळंबीला मिळते. आपण निकस माल विकला तर बीज केंद्रवाला एकदा घेईल, दुसऱ्यांदा दारात उभा करणार नाही.

किती घालायचे? टाकीतल्या पिकासाठी सोपे माप आहे. काठीच्या टोकाला पांढरी बशी बांधून पाण्यात सोडावी. पंधरा ते वीस सेंटिमीटरवर बशी दिसेनाशी झाली तर खाद्य ठीक. त्याहून खोल दिसली तर जनावर उपाशी आहे, त्याआधीच नाहीशी झाली तर खाद्य जास्त झाले, हात आखडा. दिवसातून एकदा बादलीभर ओतण्यापेक्षा थोडे थोडे चार-पाच वेळा द्यावे, कारण हा जीव रात्रंदिवस खात असतो.

खाडीच्या पाण्याबद्दलही सावध राहिले पाहिजे. शहर वाढले, सांडपाणी खाडीत येते. ते पाणी आपोआप हिरवे होते म्हणून फुकटचे खत समजू नये. जो जीव पाण्यातले सर्व गाळून गिळतो तो त्यातली घाणही गिळतो. मोठ्या भरतीचे पाणी घ्यावे, पहिल्या तळ्यात मुरू द्यावे, आणि विक्रीआधी मालाची तपासणी करून घ्यावी.

मिठाचे नुकसान होईल का, अशी शंका जुने आगरवाले काढतात. शंका रास्त आहे, पण उत्तर उलट आहे. मधल्या तळ्यातले शेवाळ आर्टेमिया खाऊन टाकतो, पाणी स्वच्छ होते, बुळबुळीतपणा कमी होतो आणि मीठ स्वच्छ बसायला मदत होते. जगातील मोठ्या मिठागरांत याच कारणासाठी तो मुद्दाम राखला जातो.

जबाबदारी कोणाची?

आता थोडे कडू. मिठाचे काम केंद्राकडे, त्याचे आयुक्तालय जयपूरला. मासळी आणि कोळंबी राज्याच्या मत्स्य विभागाकडे. शेती आमच्याकडे. मिठागरात वाढणारा आर्टेमिया यातल्या कोणाच्याच फाइलीत बसत नाही. मी कृषी खात्याचा माणूस. भात, भाजी, फुलशेती सोडून यावर बोललो की ‘हे तुमचे काम नव्हे’ असे ऐकावे लागते. मान्य. मग कोणाचे? ज्याचे काम त्याने करावे, आम्ही मागे सरू. पण कोणीच केले नाही तर डबे विकणारा येणार, खाद्याची पाकिटे विकणारा येणार, आणि ज्याचे पोट मिठावर आहे त्याच्या वीस पहाटा पुन्हा वाया जाणार.

कोणी म्हणेल, मिठागरातच कोळंबीचे तलाव का खोदू नयेत? तर ११ डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिठागराची जमीन कोळंबी तलावांसाठी बदलण्यास मनाई केली आहे, हे विसरू नये. आर्टेमियाचा फायदा असा की मिठागर मिठागरच राहते. खोदकाम नाही, भराव नाही. तरीही जागेचा मालक आणि संबंधित कार्यालय यांना लेखी विचारल्याशिवाय कोणी सुरुवात करू नये. तसेच परदेशी जातीचा डबा उघड्या तळ्यात ओतण्याआधी आपल्या आगरात मूळचा आर्टेमिया आहे का ते पाहावे. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला विटेच्या भुग्यासारखा तपकिरी थर दिसला तर तो गोळा करून दाखवावा. परदेशी जात शिरली की स्थानिक जात मागे हटते, असा अनेक देशांचा अनुभव आहे.

माझी मागणी मोठी नाही. नारळी पौर्णिमा झाली, पाऊस ओसरला, की मिठागरांची डागडुजी सुरू होते. येत्या हंगामात वसईत एकाच मिठागरावर खाद्याची साधी तुलना व्हावी. एकाच डिग्रीचे पाणी, सारखीच पिले, आणि चार प्रकारच्या टाक्या : नुसते हिरवे पाणी, नुसता कोंडा, दोन्ही मिळून, आणि माझी चूक पुन्हा तपासायला नुसते यीस्ट. प्रत्येक प्रकाराच्या दोन किंवा तीन टाक्या, म्हणजे योगायोगावर भरवसा नको. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी प्रत्येक टाकीतून तीस जनावरे काढून आलेख कागदावर भिंगाखाली मोजावीत. किती जगली तेही मोजावे, आणि किलोभर मालाला खाद्याचा खर्च किती आला हेही लिहावे. कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. दोन्ही ठिकाणे वसईपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. तिथल्या तज्ज्ञांनी मोजणी तपासावी, काम मिठागरातल्या माणसांनी करावे, आणि आकडे मिठागराच्या बांधावर फळ्यावर लिहावेत. त्यासाठी लागणारा खर्च एखाद्या मेळाव्याच्या मंडपापेक्षा कमी आहे.

तोपर्यंत मिठागरवाल्या बंधू-भगिनींना एकच विनंती. डबा घेऊन येणाऱ्याला आधी विचारा : याला खायला काय घालू, कण किती बारीक, रोज किती, आणि त्यावर तुमच्याकडे वाढ किती झाली ते मोजून दाखवा. उत्तर देता आले नाही तर पैसे खिशातच ठेवा. मग तो विकणारा असो, की माझ्यासारखा सल्ला देणारा साहेब असो.

ज्या जोडप्याचे वीस दिवस माझ्यामुळे गेले, त्यांनी एक टाकी अजून रिकामी ठेवली आहे. दसऱ्यानंतर त्यात पुन्हा पिले सोडायची आहेत. या वेळी कोंडा गाळायला मी पहाटे जाणार आहे.

— एक कृषी विस्तार अधिकारी, वसई